ठिपक्यांवर जाऊ नका: गोव्यातल्या कोकीळमाश्या ओळखताना

पाऊस ओसरला आणि अंगणातल्या वृंदावनातली तुळस मंजिऱ्यांनी भरली की तिच्यावर दोन तऱ्हेच्या माश्या येऊ लागतात. एक मोठ्याने गुणगुणणारी, घटकेत इथे तर घटकेत तिथे, पोटावर निळे पट्टे असलेली. ती अमेगिला. दुसरी काळीभोर, अंगावर निळसर किंवा पांढरे ठिपके असलेली, जरा संथ. ती थायरियस. पहिली मातीच्या भिंतीत, गडग्याच्या सांध्यांत किंवा जमिनीत बीळ करते आणि पिल्लांसाठी पराग व मकरंद साठवते. दुसरी बीळ करत नाही आणि साठाही करत नाही. ती अमेगिलाच्या बिळात शिरून तिथल्या साठ्यावर आपलं अंडं घालते. कावळ्याच्या घरट्यात अंडं घालणारी कोकिळा आपल्या ओळखीची आहे, म्हणून अशा सगळ्या माश्यांना इथे कोकीळमाशी म्हटलं आहे. फरक एवढाच की इथे यजमान माशी परक्या पिल्लाला भरवत बसत नाही. ती कप्पा बंद करून केव्हाच पुढच्या कामाला लागलेली असते. चोरीला जातं ते आधीच भरून ठेवलेलं अन्न. यजमानाचं अंडं किंवा अळी मारण्याचं काम थायरियसची नुकती जन्मलेली अळी आपल्या लांब, कोयत्यासारख्या जबड्यांनी उरकते.

अशा माशीचा फोटो एखाद्या निसर्गप्रेमींच्या गटात टाकला की पाच मिनिटांत जातीसकट नाव मिळतं. ते नाव बहुधा ठिपक्यांचा रंग पाहून दिलेलं असतं, आणि ठिपक्यांच्या रंगावरून थायरियसची जात ठरत नाही. त्याहून खोल घोटाळा असा की दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात: ही माशी परोपजीवी आहे का, आणि ती कोणत्या कुळातली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या खुणा दुसऱ्या प्रश्नाला जवळजवळ निकामी असतात. परागकेस नाहीसे होणं, अंगाचं कवच जाड आणि खळगेदार होणं, पाठीवर काटे किंवा ढालीसारखी पट्टी येणं, अंगावरची लव कमी होणं, हे सगळं परक्या बिळात शिरण्याच्या धंद्यामुळे वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडलेलं आहे. दोन माश्या या बाबतीत सारख्या दिसल्या म्हणून त्या नात्यातल्या ठरत नाहीत. म्हणून धंद्याच्या खुणा एका यादीत आणि कुळाच्या खुणा दुसऱ्या यादीत ठेवून काम करावं.

आधी धंदा

मधमाश्यांच्या (फक्त पोळ्यातल्या नव्हे, या गटातल्या सगळ्याच माश्यांच्या) बहुतेक जातींत मादीच्या अंगावर पराग धरणारे दाट केस असतात. अमेगिलात ते मागच्या पायांवर असतात. पानकापी मेगाकाइलीत पोटाखाली असतात, म्हणून तिचं पोट पराग भरल्यावर खालून पिवळं दिसतं. हे केस नसतील तर कोकीळमाशीचा संशय घ्यायचा, पण निकाल द्यायचा नाही. याला तीन कारणं आहेत.

पहिलं, नरांना परागकेस नसतातच, मग जात कुठलीही असो. तेव्हा आधी लिंग ठरवा. मादीच्या स्पर्शिकेचे एकूण खंड १२, नराचे १३. मादीच्या पोटावर वरून दिसणाऱ्या पट्ट्या ६, नराच्या ७. स्पर्शिकेचे खंड मोजताना बुडाशी असलेला लांब स्केप आणि त्यानंतरचा आखूड पेडिसेल धरूनच १२ किंवा १३ होतात. पेडिसेल स्केपच्या टोकाशी दडून बसतो आणि मोजायचा राहतो, मग नराची मादी होते. फोटोवरून मोजत असाल तर दोन्ही स्पर्शिका मोजून आकडा जुळतो का ते पाहा.

दुसरं, हायलियससारख्या माश्या परोपजीवी नसूनही त्यांच्या अंगावर परागकेस नसतात. त्या पराग गिळून पोटातल्या पिशवीतून नेतात. सेराटिना या छोट्या माश्यांचे परागकेस इतके विरळ असतात की साध्या भिंगातून ते नाहीतच असं वाटतं. पिवळ्या खुणा असलेली सेराटिना नोमाडा या कोकीळमाशीच्या नावाने नोंदवली जाते, ती याचमुळे.

तिसरं, पायावर पराग नाही म्हणजे परागकेस नाहीत असं नव्हे. सकाळी नुकती बाहेर पडलेली अमेगिला मादी रिकाम्या पायांनीच फिरत असते. पराग पाहू नका, केस पाहा.

त्याआधी समोर आहे ती मधमाशी आहे की गांधीलमाशी, हेही बघावं लागतं. कोकीळमाश्यांच्या अंगावर लव कमी असल्याने त्या गांधीलमाशीसारख्या दिसतात. मधमाश्यांच्या अंगावरच्या केसांना फांद्या असतात. छातीच्या बाजूवरचे केस ४० पटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले की ते पिसासारखे दिसतात, गांधीलमाशीचे केस साधे असतात. ज्या जागी लव झिजली आहे तिथे शोधू नका. पायांच्या बुडाशी आणि प्रोपोडियमच्या (छातीच्या पोटाला लागून असलेल्या मागच्या भागाच्या) कडांना केस शाबूत राहतात.

मग कूळ

इथे पंख कामाला येतात. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला एक लांबट किनारी कप्पा असतो आणि त्याच्या लगेच खाली छोटे कप्पे ओळीने असतात. त्यांना सबमार्जिनल सेल म्हणतात. हे कप्पे दोन असतील तर मेगाकाइलिडी कुळाकडे जा. गोव्याच्या कामात तिथे दोन परोपजीवी प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) लक्षात ठेवाव्यात: सीलिऑक्सिस आणि युआस्पिस. कप्पे तीन असतील तर थायरियस किंवा नोमाडा, म्हणजे एपिडी कूळ, नाहीतर स्फेकोडिस, म्हणजे हॅलिक्टिडी कूळ. या शेवटच्या दोन कुळांतला फरक करायला पंखाच्या बुडाजवळची बेसल शीर पाहा. हॅलिक्टिडीत ती धनुष्यासारखी ठळक वाकलेली असते, थायरियसमध्ये जवळजवळ सरळ असते. हॅलिक्टिडीची जीभ आखूड आणि टोकदार, एपिडीची लांब.

सीलिऑक्सिस ओळखायला सगळ्यात सोपी. मादीचं पोट मागे शंकूसारखं निमुळतं होत टोकदार झालेलं असतं, आणि त्या टोकाचा उपयोग यजमानाच्या कप्प्यात अंडं सारण्यासाठी होतो. नराच्या पोटाच्या टोकाला काट्यांचा झुपका असतो. स्कुटेलमच्या, म्हणजे छातीच्या मागच्या बाजूच्या पट्टीच्या, दोन्ही बाजूंना एकेक काटा. बहुतेक जातींच्या डोळ्यांवर बारीक केस असतात, ते २० पटीच्या भिंगातून बाजूने उजेड पाडला की दिसतात. यजमान मुख्यतः मेगाकाइली. युआस्पिसचं पोट तांबडं आणि डोकं-छाती काळी, तिचेही यजमान मेगाकाइलीच. स्फेकोडिसचंही पोट तांबडं असतं, पण ती छोटी माशी, अंगावर ठळक खळगे आणि पंखात ती वाकलेली शीर. तांबड्या पोटावरून दोघींना एका पिशवीत टाकणारे कमी नाहीत. पंख पाहिला तर हा घोळ होतच नाही.

थायरियससाठी दोन खुणा पुरतात. एक, स्कुटेलम. ती सपाट होऊन मागे फळीसारखी पुढे आलेली असते, तिच्या मागच्या कडेला मधोमध खाच असते आणि कडेची एकूण रेषा इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी दिसते. दोन, ठिपके हे कातडीचे रंग नसून आडव्या बसलेल्या, खवल्यासारख्या आखूड केसांचे पुंजके असतात. पांढऱ्या-निळ्या खुणा कातडीवरच रंगवल्यासारख्या सपाट असतील तर ती थायरियस नव्हे.

जातीपर्यंत जायचं असेल तर

इथून पुढे काम किचकट होतं आणि बहुतेक फोटो इथेच संपतात. भारतातल्या थायरियसच्या यादीत रामोसस, हिस्ट्रिओ, मासुरी, हिमालयेन्सिस, सिलोनिकस अशी नावं येतात. यांतली कुठलीही जात फक्त "ठिपके निळे" किंवा "ठिपके पांढरे" एवढ्यावर ठरत नाही. सावलीत काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स पांढऱ्या केसांना निळसर छटा देतो. ओले झालेले केस काळपट दिसतात. आणि महिनाभर उडून झिजलेल्या माशीचे अर्धे ठिपके गळून गेलेले असतात, त्यामुळे "छातीवर ठिपके किती" हा प्रश्नच फसवा होतो. ठिपका नाही म्हणजे कधी नव्हताच, असं म्हणण्याआधी त्या जागेचा पृष्ठभाग पाहावा. केस गळून गेलेल्या जागी त्यांच्या बुडाचे बारीक खड्डे दिसतात.

नावांच्या गुंत्यात दोन सापळे आहेत. हिस्ट्रिओ आणि हिस्ट्रिओनिकस ही दोन वेगळी नावं. पहिलं फॅब्रिशियसने १७७५ साली दिलेलं आणि आपल्याकडच्या यादीतलं, दुसरं इलिगरचं आणि युरोप व उत्तर आफ्रिकेकडचं. इंटरनेटवर शोधताना एकाचे फोटो दुसऱ्याच्या नावावर सापडतात. दुसरा सापळा निटिड्युलसचा. ऑस्ट्रेलियातल्या या झगझगीत निळ्या जातीचे फोटो इतके प्रसिद्ध आहेत की गोव्यात निळी थायरियस दिसली की तेच नाव चिकटतं. ते नाव इथल्या माशीला लावायला आधार नाही.

जात ठरवायला कामी येणाऱ्या खुणा अशा, आणि त्या एकत्र पाहाव्या लागतात. स्कुटेलमच्या मागच्या खाचेची खोली, तिच्या कडांचे कोन आणि खाचेखालून डोकावणाऱ्या केसांच्या झुपक्याचा रंग. पोटाच्या पहिल्या पाठपट्टीवरच्या बाजूच्या ठिपक्याचा आकार: तो चौकोनी आहे, काटकोनात वळलेला आहे, की आतून खाच पडलेला आहे. दुसऱ्या पट्टीवर तोच ठिपका एक आहे की तुटून दोन झाले आहेत. मागच्या पायाच्या टिबियावर (नडगीवर) पांढरी पट्टी किती लांबीपर्यंत जाते. छातीच्या बाजूला खड्डे किती दाट आहेत आणि त्यांच्यामध्ये गुळगुळीत जागा किती उरते. स्पर्शिकेच्या फ्लॅजेलमचा (पेडिसेलच्या पुढच्या भागाचा) पहिला खंड दुसऱ्यापेक्षा लांब की आखूड. नरांत याशिवाय मागच्या मांडीची जाडी, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे जननेंद्रियाचा सांगाडा आणि त्याच्याआधी आत लपलेल्या सातव्या-आठव्या पोटपट्ट्यांचा (पोटाच्या खालच्या बाजूच्या पट्ट्यांचा) आकार.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. एकट्या मादीवरून जात ठरवण्याची घाई करू नये. त्याच जागी, त्याच आठवड्यात मिळालेला नर हाताशी असेल तर काम निम्मं होतं. मात्र एका भिंतीवर दोन जातींच्या थायरियस फिरू शकतात, म्हणून "एकत्र सापडले" हा नर-मादी एकाच जातीचे असल्याचा पुरावा मानू नका. तो फक्त अंदाज.

जात ओळखायची किल्ली (की) घ्यायची ती कीटकशास्त्रज्ञ लीफ्टिंक यांच्या १९६२ च्या आशिया-ऑस्ट्रेलियाकडच्या थायरियसच्या पुनरावलोकनातून. त्याला आता साठ वर्षं उलटली, तरी या गटासाठी सुरुवात तिथूनच होते. बिंगहॅम यांच्या १८९७ च्या "फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया" मध्येही या माश्या आहेत, पण तिथे प्रजातीचं नाव क्रोसिसा आहे. जुन्या संग्रहातल्या पेटीत क्रोसिसाचं लेबल दिसलं तर ती थायरियसच समजायची. प्रजाती बदलली की लॅटिन शेपूटही बदलतं: क्रोसिसा स्त्रीलिंगी म्हणून रामोसा, थायरियस पुल्लिंगी म्हणून रामोसस. रामोसस हे नाव देणाऱ्या लेपेलेतिये यांचं नाव आणि १८४१ हे साल कंसात लिहायचं, कारण मूळ वर्णन वेगळ्या प्रजातीखाली झालं होतं. यादी करताना हा कंस गाळणं ही फार नेहमीची चूक आहे.

फोटोतून जास्तीत जास्त काय मिळवता येईल

माशी मारायची नसेल, किंवा परवाना नसेल, तर फोटोच करायचा. मग तो उपयोगाचा करा. फुलावर उडत्या माशीमागे धावण्यापेक्षा झोपलेली माशी शोधणं सोपं. थायरियस संध्याकाळी सुकी काडी किंवा गवताचं पातं जबड्यात घट्ट धरून, अंग हवेत सोडून झोपते. उजाडताना, ऊन लागण्याआधी, ती हालत नाही. सड्यावरच्या (जांभ्या दगडाच्या पठारावरच्या) गवतात आणि परसातल्या सुक्या काटक्यांवर खांद्याच्या उंचीखाली बघत चला. अमेगिलाचे नरही असेच, पण एका काडीवर ओळीने झोपतात. पोटावरच्या अखंड पट्ट्या आणि छातीवरची दाट लव पाहिली की ते वेगळे ठरतात.

पाच कोन घ्या: थेट वरून, ज्यात स्कुटेलमची मागची कड स्पष्ट असेल. वरून पोटाची पहिली दुसरी पट्टी. दोन्ही बाजूंनी, म्हणजे मागचा टिबिया दिसेल. समोरून चेहरा. आणि जमलं तर पंखाची जाळी. वरचा कोन थोडा जरी तिरका झाला तरी खाचेची खोली खोटी दिसते, म्हणून त्या कोनाचे दहा-वीस फोटो काढून सगळ्यात सरळ तो ठेवा. एक फोटो राखाडी कार्डासह काढला की रंगाचा वाद मिटतो. मोजमापासाठी जवळ मिलिमीटरची पट्टी धरा. एवढं सगळं करूनही नोंद "थायरियस, जात अनिश्चित" अशीच करावी लागली तर ती तशीच करा. चुकीचं जातनाव एकदा नकाशावर चढलं की पुढचे दहाजण त्याच्या आधारे आपलं नाव देतात.

नमुना घ्यायचा तर

गोव्यात सहा अभयारण्यं आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांच्या हद्दीत जाळी फिरवायची तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि माशीसारखी छोटी गोष्ट कोण विचारतो हा युक्तिवाद तिथे चालत नाही. बाहेर, म्हणजे कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला किंवा कुणाच्या परसात, जागेच्या मालकाला विचारून काम करावं. तुळशीवर जाळी मारू नका. मंजिऱ्या झडतात आणि घरच्यांना ते आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. भिंतीजवळ उभं राहणं जास्त फळतं. थायरियस बिळांच्या रांगेसमोर हळू, खालून वर, एकेक भोक हुंगल्यासारखी तपासत उडते.

३० ते ३८ सेंटिमीटर व्यासाची जाळी पुरते. मारायच्या बाटलीत तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि त्यावर इथाइल अ‍ॅसिटेटचे काही थेंब. इथेच नमुने सर्वाधिक बिघडतात. द्रव जास्त झाला की बाटलीच्या आत दव धरतं, खवल्यासारखे केस ओले होऊन अंगाला चिकटतात आणि ज्या ठिपक्यांच्या आकारावर ओळख अवलंबून आहे तेच नाहीसे होतात. बाटलीत टिश्यू पेपरच्या पट्ट्या चुरगळून ठेवा, एका बाटलीत चार-पाचच माश्या ठेवा, आणि तासाभरात बाहेर काढा. केस चिकटलेच तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब घालून धुवा, मग साध्या पाण्यात, शेवटी ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवून मऊ ब्रशने आणि हलक्या गार हवेच्या झोताने वाळवा. थायरियसचे केस धुतल्यावर बऱ्यापैकी परत उभे राहतात.

पिन २ किंवा ३ नंबरची, छातीच्या वरच्या पट्टीवर मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे. मधोमध टोचली तर छातीवरचा मधला ठिपका जातो, आणि उजवीकडे टोचल्याने डावी बाजू अभ्यासाला शाबूत राहते. माशी पिनेच्या वरच्या टोकापासून सुमारे १ सेंटिमीटर खाली बसवा, म्हणजे बोटांना जागा मिळते. नर ताजा असतानाच त्याचं जननेंद्रिय आकडीदार सुईने बाहेर ओढून ठेवा. सुकल्यावर हे करायला जाल तर आधी ओलसर डब्यात एक दिवस मऊ करावं लागतं, आणि गोव्याच्या हवेत त्याच दिवशी बुरशी धरते, म्हणून त्या डब्यात थायमॉलचे दोन खडे टाका. सांगाडा साफ करायला १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा, मग पाण्यात व्हिनेगरचा थेंब टाकून धुवा आणि ग्लिसरीनच्या छोट्या नळीत त्याच पिनेवर लावा. उकळून घाई केली की पातळ भाग फाटतात, आणि सातवी पोटपट्टी पातळच असते.

पावसाळ्यात संग्रह टिकवणं ही इथली खरी कसोटी. बंद कपाटात एक साधा बल्ब किंवा सिलिका जेल लागतंच. नवा नमुना पेटीत ठेवण्याआधी उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवला तर किड्यांची अंडी मरतात. फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दमट हवेचं पाणी माशीवर जमतं. आतला माल खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

लेबलावर राज्य, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव आणि फूल किंवा भिंत. महिना रोमन अंकात लिहिला तर दिवस-महिन्याची गल्लत होत नाही. "गोवा" एवढंच लिहिलेला नमुना वितरणाच्या अभ्यासात निरुपयोगी.

डीएनए हे उत्तर नाही, साक्षीदार आहे

मधल्या पायांपैकी एक ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवून सीओआय या, प्राण्यांच्या जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचता येतो. याचा मोठा उपयोग म्हणजे नर आणि मादी जुळवणं. मर्यादा तीन आहेत. संदर्भासाठी उपलब्ध असलेल्या दक्षिण भारतातल्या नावनिश्चित नमुन्यांची संख्या अपुरी असते, म्हणून संगणकाने दाखवलेलं "सगळ्यात जवळचं" नाव हे बरोबर नाव असेलच असं नाही. दुसरी, व्होल्बाखिया हा कीटकांच्या पेशीतला जीवाणू कधी कधी त्याच प्रायमरने (जनुकाच्या प्रती काढायला वापरतात त्या डीएनएच्या आखूड तुकड्याने) वाढतो आणि माशीऐवजी जीवाणूचंच जनुक वाचलं जातं. मिळालेला क्रम प्रथम जीवाणूच्या क्रमाशी ताडून पाहा. तिसरी, संदर्भातला क्रम ज्याने नाव दिलं त्यानेही ठिपके पाहूनच दिलेलं असू शकतं. तेव्हा पाय काढलेला नमुना फेकायचा नाही. तोच पुरावा आहे.

यजमान कोण हे सिद्ध करणं

भिंतीतल्या बिळात थायरियस शिरताना पाहिली म्हणून ते बीळ कोणाचं हे कळत नाही. एका मातीच्या भिंतीत अमेगिलाच्या दोन-तीन जाती शेजारी राहू शकतात, आणि झोनाटा हे जातीचं नाव निळ्या पट्ट्यांच्या सगळ्याच अमेगिलांना सरसकट दिलं जातं, म्हणजे यजमानाच्या ओळखीलाही तोच ठिपक्यांचा रोग आहे. थायरियस यजमानाने बंद केलेला कप्पा टोकाकडून फोडते, अंडं घालते आणि भोक पुन्हा बुजवते. म्हणून बाहेरून कप्पा चोरीचा आहे की नाही हे दिसत नाही.

खात्रीचा रस्ता म्हणजे कप्प्यातून माशी उगवताना पाहणं. पडायला आलेल्या मातीच्या भिंतीचा ढेकूळ अलगद सोडवून घ्या, बिळाची दिशा पेन्सिलीने खुणावा. आतला पराग पातळसर असतो, म्हणून कप्पा मुळात ज्या कोनात होता त्याच कोनात ठेवा. उलटा झाला तर अळी बुडते. एकेक कप्पा वेगळ्या छोट्या नळीत, कापसाच्या बोळ्याने बंद करून, अंधारात. प्रत्येक नळीला बिळाचा आणि कप्प्याचा क्रमांक. थायरियस बाहेर आली की त्या कप्प्याचा मालक मेलेला असतो, म्हणून त्याच बिळातल्या शेजारच्या कप्प्यांतून काय निघतं ते पाहावं लागतं. त्यावरून काढलेला यजमान अप्रत्यक्ष आहे, आणि नोंदीत तसं लिहावं.

सीलिऑक्सिससाठी काम हलकं आहे. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या, एका बाजूला गाठ असलेल्या बांबूच्या नळ्या, आतला व्यास ४ ते १० मिलिमीटर, वीस-पंचवीसचा जुडगा करून पावसाच्या झोतापासून आडोशाला, सकाळचं ऊन लागेल असा टांगा. तांबड्या मुंग्या आल्या तर सगळा खेळ संपतो, म्हणून टांगायच्या तारेला ग्रीस लावा. नळी उभी चिरली की पानांच्या तुकड्यांचं अस्तर, माती की डिंक, यावरून मेगाकाइलीच्या कोणत्या तऱ्हेच्या जातीचं ते घर होतं हे कप्पा फोडण्याआधीच कळतं.

वर्गीकरण का बदललं

जुन्या पुस्तकांत थायरियस एपिनी या उपकुळात, मेलेक्टिनी या गटात बसवलेली दिसेल. २०१० साली एपिडी कुळाच्या जनुकांवरच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की या कुळातल्या बहुतेक परोपजीवी माश्या एकाच मोठ्या फांदीवर येतात. त्यानंतर मेलेक्टिनी नोमाडिनी उपकुळात धरली जाऊ लागली. याआधी गोंधळ का झाला? परोपजीवी माशीचं अंग यजमानाच्या घराला बेतून बदलत जातं, त्यामुळे अंगावरच्या खुणांतून कूळ वाचणाऱ्यांना कुठे नसलेलं साम्य दिसलं, तर कुठे असलेलं नातं झाकलं गेलं. म्हणून स्कुटेलमची ढाल किंवा परागकेसांचा अभाव यांना कुळाच्या पुराव्यात वजन देऊ नये. पंखाच्या शिरा, तोंडाचे भाग, अळीचा जबडा आणि जननेंद्रियाचा सांगाडा यांना द्यावं. सीलिऑक्सिस आणि थायरियस दोघींनाही लांब जिभा आणि पाठीवर बदललेले भाग आहेत. तरी एक मेगाकाइलिडीतली, एक एपिडीतली, आणि हे पंखातले दोन आणि तीन कप्पे क्षणात सांगतात.

यादीत न बसणारं काही सापडलं तर

नवी जात म्हणण्याआधी जुन्या नावांच्या मूळ नमुन्यांशी तुलना झाली पाहिजे. थायरियसमध्ये एकाच जातीला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावं मिळालेली आहेत, आणि नवीन वाटलेली माशी जुन्याच विस्मृत नावाची निघते. तुलनेनंतरही वेगळी ठरली तर १९९९ नंतरच्या प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार नावाचा आधार असलेला नमुना, म्हणजे बहुधा होलोटाइप, स्पष्ट नेमावा लागतो, आणि तो कुठे ठेवला ते छापावं लागतं. प्रकाशन फक्त ऑनलाइन असेल तर २०१२ पासून झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवून तिचा नमुना तिथे जमा करावा लागतो. भारतीय प्राणिसर्वेक्षण हे त्यांतलंच एक. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पोस्टाने पाठवण्याआधी याच कायद्याखालची परवानगी पाहा, कारण माशी एकदा सीमेपार गेली की कागदपत्रं मागून जुळत नाहीत.

आणि होलोटाइपसाठी नर निवडा. मादीवर बांधलेलं थायरियसचं नाव पुढच्या पिढीला सोडवायला फार जड जातं.